चालेल की आवडेल?

बोलावणं ताईला आलं होतं, गेले मी. हे आधीच सांगून टाकते, कारण तिथे उतरल्यापासून परत येईपर्यंत मला सारखं वाटत होतं की कोणीतरी येईल, मला नीट निरखून बघेल आणि म्हणेल, अहो, ही ती नव्हे.

ताईने बसवलेलं एक नृत्य आहे, ‘चाहूल’. एक बाई घरात एकटी बसलेली असते. बाहेर पावलं वाजतात. ती उठते, दारापर्यंत जाते, कोणी नसतं, परत येऊन बसते. पुन्हा पावलं, पुन्हा उठणं. कधी केस सावरत, कधी चिडून, कधी उगाच काही काम निघाल्यासारखी. शेवटी पावलं अगदी दाराशी येऊन थांबतात, आणि ती उठत नाही. तिचा हात जमिनीला टेकतो, उठताना टेकतो तसा, आणि परत मांडीवर येतो. संपलं. मी ताईकडूनच शिकले आणि आता तिचा वर्गही मीच चालवते, त्यामुळे हा शेवट शिकवताना ती काय म्हणायची ते मला पाठ आहे. “हात टेकायचा, पण हात टेकल्यासारखा नाही. ती हरलेली नाहीये. ती नाही म्हणतेय.”

परदेशातल्या एका नृत्यसंस्थेच्या दिग्दर्शिकेने आपल्याकडच्या एका महोत्सवात ते नृत्य पाहिलं होतं आणि ते तिच्या डोक्यातून जाईना. आपल्या नर्तकांना घेऊन त्यावर मोठा प्रयोग करायचा, असं तिने ठरवलं आणि ताईला बोलावलं. तोवर ताईच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं होतं. जीभ मात्र शाबूत होती.

“मला आता न उठण्याचा अभिनय करावा लागत नाही,” ती म्हणाली. “तू जा.”

“मला नाही गं जमायचं.”

“न जमायला काय झालं? त्यांना काय हवं ते करू दे. गाणं बदलू देत, कपडे बदलू देत, अख्खं गाव नाचवू देत. शेवटचं बसणं तेवढं सोडू नकोस.”

“नाही सोडणार,” मी म्हणाले.

पुढचं कळायला आमच्या घरातली एक गोष्ट माहीत हवी. आमच्याकडे ‘चालेल’ या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही. लहानपणी आई फ्रॉकचं कापड आणायची, “हे चालेल?” म्हणून विचारायची. आम्ही “चालेल” म्हटलं की कापडाची घडी परत घालत दुसरा प्रश्न टाकायची, “चालेल की आवडेल?” मग खरं काय ते बाहेर यायचं, बऱ्याचदा रडत. आई गेल्यावर ते खातं ताईने घेतलं. तसं हे आपल्या सगळ्यांनाच ठाऊक असतं. चालेल म्हणजे होकार नव्हे. चालेल म्हणजे मी तुमच्या घरी आलेय, चहात साखर फार पडलीय, पण आता कुठे बोलायचं. समोरचा जरा जाणता असला तर तो आपला कप गुपचूप उचलतो आणि दुसरा चहा टाकतो.

तिथे मला जागा दिली होती ती एका इमारतीत वरच्या मजल्यावरची खोली. पलंग, विजेची शेगडी, आणि एक खिडकी, जी वरून बोटभर कलायची पण उघडायची नाही. मी तिच्याशी झटापट करून हात टेकले. खाली रस्ता इतका स्वच्छ आणि गप्प होता की कोणी मेलंय की काय असं वाटावं. तालमीची जागा तिथून चालत जाण्यासारखी होती. खाली फर्निचरचं दुकान, वर मोठा हॉल, एका भिंतीला आरसे, आणि जमिनीवर काळं रबर अंथरलेलं. त्या रबराने मला पहिल्याच दिवशी रडवलं. आपण पाय आपटावा तर जमीन उत्तरच देईना. गादीवर नाचल्यासारखं. मी हौसेने चाळ नेले होते, ते तसेच पिशवीत राहिले.

सुरुवात करण्याआधी मी सवयीने वाकून जमिनीला हात लावला. शेजारी उभी असलेली एक बुटकी, चपळ मुलगी लगेच गुडघ्यांवर बसली आणि माझ्याबरोबर शोधायला लागली. तिला वाटलं, माझं कानातलं पडलं. तिचं इंग्रजी तोडकं, माझं मोडकं. ‘नमस्कार करत होते’ हे काही मला त्या भाषेत जुळवता येईना, म्हणून मीही थोडा वेळ शोधलं. मग दुसरा एक जण आला, तोही रांगू लागला. शेवटी “सापडलं” असं म्हणून मी मूठ मिटली आणि उठले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी ती रिकामी मूठ पर्समध्ये नेऊन उघडली. माझी परदेशातली कारकीर्द ही अशी सुरू झाली.

त्या मुलीचं नाव मला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. मनातल्या मनात मी तिला चिमणी म्हणायचे. दिग्दर्शिका चांगलीच उंच, हातपाय लांबलचक, तिचं नाव मी शिडी ठेवलं. शिडी बोलायला लागली की आधी तिचे हात बोलायचे. पहिल्याच तालमीत हात पसरून ती म्हणाली की तिला बाई एकटी नकोय. इथले सगळे नर्तक ती बाई होतील, पुरुषसुद्धा. “तुला ठीक आहे का?”

ठीक कसलं? बाई एकटी आहे म्हणून तर चाहूल. गर्दीत कुठली चाहूल? पण सगळे माझ्याकडे बघत होते, मी कालच आलेली, आणि तोंडातून निघून गेलं, “चालेल.”

“चालेल? म्हणजे?”

मी विचार केला आणि शब्दाला शब्द ठेवून सांगितलं की, ते चालत जाईल.

हॉलभर आनंदीआनंद झाला. नृत्य चालत जाईल! काय सुंदर भाषा! कोणीतरी आरशावर तेलकट खडूने त्यांच्या लिपीत ‘चालेल’ लिहून ठेवलं. मी ते म्हणताना मान जरा इकडेतिकडे डोलवली होती, तीही त्यांनी उचलली. दुपारपर्यंत सगळी मंडळी मान डोलवत एकमेकांना चालेल म्हणत होती. कॉफी चालेल? चालेल. दार लावू? चालेल. मी हसत होते. मला वाटलं, चला, आपलं बरं जमतंय.

त्यानंतर एकेक गोष्ट जाऊ लागली. साडी गेली, करडे पायजमे आले. चालेल. ताईने स्वतः गुणगुणलेलं गाणं गेलं, त्या जागी यंत्रातून ठोके येऊ लागले. चालेल. मधलं चिडून उठणं गेलं, कारण चिडणं इथल्या लोकांना कळणार नाही म्हणे. मला मनात आलं, इथल्या बायकांना काय वाट बघून राग येत नाही? तोंडाने म्हणाले, चालेल. दर वेळी मी म्हटलं की शिडी खूश होऊन पुढे जायची. एकदाही थांबून तिने दुसरा प्रश्न विचारला नाही. का विचारेल? तिच्या घरी तो प्रश्नच नव्हता.

ती वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मला सर्दी होऊन अंग मोडून आलं, तर ही एवढी मोठी बाई स्वतः जिने चढून शेकायची पिशवी घेऊन आली. गरम पाणी भरलं, टॉवेलात गुंडाळलं, माझ्या पायांशी ठेवलं आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. ताईचं नृत्य पाहिलं त्या वर्षी तिची आई गेली होती, असं तिने मला तेव्हा सांगितलं. आई आजारी असताना ती दौऱ्यावर होती. आता अशा बाईला काय सांगणार, की तुझे पायजमे मला डोळ्यासमोर नकोत?

ताईचा फोन सकाळी यायचा. भाचा फोन धरून उभा असायचा, त्यामुळे मला ताईचा निम्मा चेहरा आणि बराचसा पंखा दिसायचा.

“बसणं जमतंय का त्यांना?” ताई विचारायची.

“एका मुलीला फार छान जमतंय,” मी म्हणायचे. हे खरं होतं. बाकीचे हात टेकायचे तेव्हा व्यायाम केल्यासारखे टेकायचे. चिमणी मात्र टेकलेल्या हाताकडे अशी बघायची की तो आपला नाहीच. मी तिला काही फार शिकवलं नव्हतं. एक दिवस तिच्या मनगटावर माझं बोट ठेवून फक्त “नाही” म्हटलं, आणि तिने मान हलवली.

“आणि बाकी?”

“बाकी चाललंय.”

“चाललंय की बरं चाललंय?” ताई म्हणायची. तेवढ्यात कधी मला तालमीला उशीर व्हायचा, कधी आवाज तुटायचा. आवाज तुटला की मला बरं वाटायचं.

प्रयोग जवळ आला तेव्हा एक दिवस शिडीने मला किटलीपाशी गाठलं. थिएटरच्या लोकांनी तालीम पाहिली होती. त्यांना सगळं आवडलं होतं, फक्त शेवटी लोक जड मनाने घरी जातील, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि शेवट जरा लांबही वाटतो. तिने दोन्ही हात हळूहळू वर नेले. “शेवटी ती उठली तर? सगळेच उठले तर?”

ज्या एका गोष्टीसाठी मला पाठवलं होतं ती हीच. आता बोललंच पाहिजे, म्हणून मी अंगातलं सगळं बळ एकवटून माझा सगळ्यात कडक नकार दिला. म्हणाले, “बघू.”

‘बघू’ म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. मुलीच्या स्थळाला बघू म्हटलं की मध्यस्थ चप्पल घालतो. पण मी ते इंग्रजीत म्हटलं, आणि शिडीचे डोळे चमकले. “हो! बघू या!” ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच करून बघितलं.

पावलं दाराशी थांबली, सगळ्यांचे हात जमिनीला टेकले, आणि मग सगळेच्या सगळे एकदम उठले, हात वर, उजेड वाढत वाढत गेला. खोटं कशाला बोलू, दिसलं छान. एरवी तटस्थ बसणारा दिवे सांभाळणारा माणूससुद्धा उठून उभा राहिला. चिमणी सगळ्यांत शेवटी उठली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याची बाटली शोधायला लागले. इथे आल्यापासून मी हे शोधायचं काम चांगलं शिकले होते.

त्या सकाळी ताईने विचारलं होतं, “शेवट नीट बसला का?”

“बसतोय,” मी म्हणाले होते. आता तो उभाच राहिला होता.

मी ठरवलं, आता बास. वाक्य तयार केलं. फोनमधून शब्द काढले, खोलीत आरशासमोर उभी राहून घोकलं. तुम्ही बाकी सगळं बदला, पण ती उठली तर हे माझ्या बहिणीचं राहणार नाही. एवढंच. शाळेत भाषणाच्या स्पर्धेआधी घोकायचे तसं घोकलं. रस्त्याने जाताना ओठ हलत होते, समोरून येणारे लोक बाजूला होत होते.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी थिएटरात, रंगमंचावरच, शिडीने सगळ्यांना गोल करून बसवलं. मला शेजारी घेतलं. नर्तक, दिवेवाला, कपडे सांभाळणाऱ्या बायका, सगळे होते. ती म्हणाली की या बाई आपल्या बहिणीची ठेव घेऊन इतक्या लांब आल्या, आणि त्यांच्या परवानगीशिवाय आपण काही करणार नाही. मग माझा हात हातात घेऊन तिने विचारलं, आणि माझ्याच भाषेत विचारलं, “चालेल?”

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि घोकलेलं वाक्य गायब. पहिला शब्दसुद्धा आठवेना. पण या वेळी मी गप्प बसणार नव्हते. इंग्रजी नाही तर नाही. मी मान जोरात हलवली आणि आयुष्यात पहिल्यांदा, मोठ्या आवाजात, खणखणीत म्हणाले,

“हे चालणार...”

आणि एकच जल्लोष झाला. ‘चाल’ ऐकू आलं, मान हललेली दिसली, त्यांना एवढं पुष्कळ होतं. “चालेल! चालेल!” सगळे उठून नाचायला लागले, कोणी शिट्टी मारली, दिवेवाल्याने वरचे दिवे लावले. आपल्या भाषेत नकार सगळ्यांत शेवटी येतो हो. माझं ‘नाही’ अजून तोंडातच होतं. ते बाहेर पडलं तोवर शिडीने मला मिठी मारली होती, आणि ते तिच्या स्वेटरमध्ये गेलं. ती रडत होती. मी पुन्हा म्हटलं, “नाही, नाही.” ती माझी पाठ थोपटत राहिली.

ती मिठी सुटल्यावर मला बोलता आलं असतं. सगळे समोर होते, वेळ होता, थोड्या वेळाने वाक्यसुद्धा आठवलं, अगदी स्वल्पविरामासकट. पण तेव्हा शिडी डोळे पुसत होती आणि माणसं आनंदाने कामाला लागली होती. मी विंगेत एका खोक्यावर बसून राहिले. चिमणी आली, माझ्याजवळ खाली बसली. तिने माझ्या मनगटावर बोट ठेवलं आणि प्रश्न विचारल्यासारखं म्हणाली, “नाही?”

त्या सबंध देशात एका माणसाला तो शब्द कळला होता. मी तिला काय म्हणाले ते सांगायची लाज वाटते. मी म्हणाले, “चालेल.”

प्रयोग दुपारचा होता. घरी भाच्याने टीव्हीला जोडून ताईला पाहता येईल अशी सोय केली होती. मी विंगेत उभी होते. पायजमे, ठोके, पावलं. शेवटची पावलं दाराशी आली, सगळ्यांचे हात जमिनीला टेकले. सगळे उठले. चिमणीचा हात मात्र उचलला गेला आणि मांडीवर आला. ती बसून राहिली. एक श्वास, जास्तीत जास्त दोन. मग उजेड वाढला, शेजाऱ्याने तिला काखेत हात घालून उचललं, आणि तीही हात वर करून हसायला लागली. लोकांना ते मुद्दाम ठेवलेलं वाटलं असेल. टाळ्या थांबेनात. शिडीने मला हाताला धरून उजेडात ओढलं, आणि मी वाकले, जमिनीला हात लावला. या वेळी कोणी काही शोधलं नाही.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत कोपरा धरून मी फोन लावला. भाच्यानेच उचलला.

“मावशी! काय टाळ्या! आईला देतो हं.”

पंखा दिसला, मग उशी, मग ताई. तिचे केस नीट विंचरलेले होते. चांगली साडी नेसली होती, अंथरुणातल्या अंथरुणात. मला ते बघवेना.

“ती बारकी मुलगी,” ताई म्हणाली, “तिचा हात बरोबर टेकला.”

“हो.”

“तीच का ती, तू सांगायचीस ती?”

“तीच.”

“गुणी आहे. तिला सांग.” मग म्हणाली, “तू जेवलीस का? घसा बसलेला वाटतोय.”

“जेवेन आता.” माझ्यामागे सगळ्यांचा आरडाओरडा चालला होता, कोणीतरी माझ्या गळ्यात हार घातल्यासारखा टॉवेल टाकून गेलं. मी एक कान बोटाने बंद केला. “ताई, बाकी कसं वाटलं गं?”

ताईने माझ्याकडे पाहिलं. आवाज तुटला नव्हता. चित्रही थांबलं नव्हतं, मागे पंखा फिरताना दिसत होता.

“चालेल,” ती म्हणाली.

पुढचा प्रश्न मला पाठ होता. मी तो विचारला नाही.